नक्षीच्या पिस्तुलाला पॉलिश : सोने राखायचे तर चाक दूर ठेवा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. दुकान बंद करून कसब्यात घरी आलो तर ओट्यावर एक जुने स्नेही वाट पाहत बसलेले. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर. वाचकांनी दचकू नये. परवाना त्यांच्या नावाचा आहे आणि तो त्या दिवशी त्यांच्या खिशात होता. त्यांचे आजोबा एका संस्थानच्या नोकरीत होते. नोकरीतून निघताना दरबाराने त्यांना हे विलायती बनावटीचे हत्यार बक्षीस दिले होते. नळीवर, चक्रीवर आणि मुठीजवळच्या लोखंडावर सोन्याची वेल. मी लहान असताना एका ईदला त्यांच्या वडिलांनी ते आम्हा मुलांना लांबून दाखवले होते. काळ्याभोर जमिनीवर पिवळी वेल, एवढेच डोळ्यांत राहिले होते.

टॉवेल उघडला तर काळी जमीनच नाहीशी झालेली. हत्यार स्टीलच्या ताटासारखे चकचकत होते. नळीवरची वेल जवळजवळ पुसली गेली होती. जिथे फूल होते तिथे पिवळट डाग, त्याखाली जाळीसारखे बारीक ओरखडे. चक्रीवरची काही पाने मात्र शाबूत होती.

"भाईजान, मी एवढेच सांगितले होते की गंज काढून नव्यासारखे करून द्या," ते म्हणाले. "त्यांनी नव्यासारखे करून दिले."

दुकान परवान्याचे होते, दुरुस्तीचा अनुभवही होता. नाव घेण्यात अर्थ नाही. अशा कामात चूक अर्धी सांगणाऱ्याची असते, अर्धी ऐकणाऱ्याची. आमच्या कापडाच्या धंद्यात हे रोजचे आहे. आजीचा जरीचा शालू कोणी 'जरा चमकवून द्या' म्हणून धुलाईला टाकतो आणि परत येते ते नुसते रेशीम. खरी जरी म्हणजे रेशमाच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. घासले की सोने जाते, चांदी उघडी पडते आणि हवेने काळवंडते. पिस्तुलावरचे सोने आणि पदरावरचे सोने यांचे दुखणे एकच आहे. दोन्ही वर बसलेले आहे, आत मुरलेले नाही.

त्यानंतर काही महिने मी या विषयामागे लागलो. जाणकारांना विचारले, जुनी कामे पाहिली, थोडे वाचले. घरोघरी पिस्तूल नसते हे मला माहीत आहे. पण सोन्या-चांदीचे काम केलेले खंजीर, तलवारीची मूठ, अडकित्ता, सुरमादाणी, बिदरी हुक्का अशी एखादी वस्तू पुष्कळ घरांत निघते. तिलाही हाच हिशेब लागू आहे.

आधी सोने कोणते ते ओळखा

मी उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे या कामाची नावे कानाला परकी वाटली नाहीत. 'कोफ्तन' म्हणजे फारसीत कुटणे. ताटातला कोफ्ता त्याच शब्दातला, कारण त्याचे मांस कुटलेले असते. कोफ्तगरी म्हणजे कुटून बसवलेले सोने. कारागीर पोलादाच्या पृष्ठावर धारदार हत्याराने आडव्या, उभ्या, तिरप्या बारीक रेघा मारतो. पृष्ठ कानशीसारखे खरखरीत होते. त्यावर केसासारखी सोन्याची तार मांडून हलक्या हातोडीने ठोकतो. मऊ सोने त्या खाचांच्या दातांत अडकते. गोंद नाही, डाक नाही, फक्त दातांची पकड. माझ्या स्नेह्यांच्या नळीवर जे जाळीसारखे ओरखडे दिसत होते ते हेच दात. सोने गेले, दात उरले.

दुसरा प्रकार तहनिशान. यात पोलादात नक्षीची खोल चर कोरतात. चरीच्या कडा आतून किंचित रुंद ठेवतात, म्हणजे ठोकून बसवलेली तार पुन्हा वर येत नाही. सोने जास्त लागते, मेहनत जास्त, पण काम पिढ्यान् पिढ्या टिकते. चक्रीवरची पाने वाचली ती तहनिशान असल्यामुळे. एकाच हत्यारावर दोन्ही प्रकार असू शकतात, हे आम्हाला नुकसान झाल्यावर कळले.

तिसरा मुलामा. जुन्या पद्धतीत सोने पाऱ्यात कालवून पृष्ठावर लावीत आणि तापवून पारा उडवीत. हा थर सर्वांत पातळ. जोराने पुसला तरी उतरतो.

ओळखायचे कसे? सोनाराचे भिंग घ्या आणि झिजलेल्या कडा पाहा. झिजेखाली आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर कोफ्तगरी. सोन्याची कड सरळ, स्वच्छ आणि लोखंडाच्या पातळीत असेल तर तहनिशान. रेघा नाहीत, कड नाही, पिवळेपणा हळूहळू विरत गेला असेल तर मुलामा. हे पाहायला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे त्या दुकानात कोणी दिली नाहीत.

चाकाने काय होते

कसबा पेठेत राहणाऱ्याला तांबट आळीचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. तिथल्या एका वयस्क कारागिरांना मी हा प्रकार सांगितला. हत्यार नेले नाही, नुसते वर्णन केले. ते हसले. म्हणाले, "शेठ, मठारलेल्या घंगाळाला बफ लावला तर ठोके मरतात. आमची चमक हातोडीची असते, पुसण्याची नव्हे." मठारकामात भांडे आधी साफ करतात आणि शेवटी गुळगुळीत हातोडीने एकाशेजारी एक ठोके देतात. झळाळी त्या ठोक्यातूनच येते. त्यानंतर चाक लावायचे नसते.

पिस्तुलावर हेच जास्त वाईट रीतीने घडते. बफचे चाक कापडाचे, त्यावर घासणारा मसाला. पोलाद कठीण, सोने मऊ. एकाच दाबाखाली सोने आधी आणि जास्त खरवडले जाते. कोफ्तगरीचे सोने काही क्षणांत उडते. तहनिशानमध्ये सोने खळग्यासारखे खोल जाते आणि कोरीव कामाच्या तीक्ष्ण कडा गोल होतात. पानाची शीर, पाकळीची टोके, अक्षरांचे कोपरे, सारे साबणाच्या वडीवरील नावासारखे बोथट होते. नळीच्या सरळ धारा लाटांसारख्या दिसू लागतात. हे पुन्हा भरून येत नाही.

नंबरही बोथट होतो, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे हत्यारावरील नाव, नंबर वा ओळखीची खूण पुसणे, काढणे किंवा बदलणे यास मनाई आहे. माझ्या स्नेह्यांचा नंबर भिंगाखाली अजून वाचता येतो, हे नशीब म्हणायचे.

गंज काढताना

गंज काढायचाच असतो. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. तो सोन्याखाली शिरला की सोन्याला वर ढकलतो आणि दातांची पकड सुटते. पण काढायची घाई नको. हत्यार रिकामे असल्याची खात्री करून, जाणकाराकडून भाग सुटे करवून, गंजावर हलके यंत्राचे तेल लावावे आणि काही दिवस तसेच राहू द्यावे. तेल आत मुरते, गंज सैल होतो. मग बांबूची चोय टोकदार करून, भिंगाखाली, तारेच्या दिशेने हळूहळू. आडवे घासले की तार उचलली जाते. मऊ कापडाने टिपून घ्यायचे, पुन्हा तेल, पुन्हा वाट. एका फुलाला एक संध्याकाळ लागली तरी ती लागू द्यावी.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पितळेची घासपूड यांना हात लावू नये. चिंच, लिंबू, मीठ तांब्याला ठीक. लोखंडावर आंबट पदार्थ लागला की सोने जसेच्या तसे राहते, पण त्याच्या खालचे लोखंड खाल्ले जाते. वरून काही दिसत नाही, आणि चार महिन्यांनी पान आपोआप गळून पडते. जुना रंग उतरवायला दुकानात तेजाब वापरतात त्याचाही धोका हाच. सोन्याला तेजाबाने काही होत नाही असे सांगणारा खरे बोलतो, पण अर्धे.

जमीन रंगवा, वेल नको

गंज गेला आणि जमीन पांढरी, डागाळलेली राहिली तर पुन्हा काळा रंग द्यायचा का, हा पुढचा प्रश्न. दुकानात याला ब्ल्यूइंग म्हणतात. हा रंग वरून लावलेला नसतो, पोलादाच्याच पृष्ठाचा काळा गंज असतो, जो लाल गंजाला अडवतो.

इथे मला बिदर आठवते. बिदरी काम आपल्या सीमेवरचे, औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ते झाले आहे. जस्त आणि थोडे तांबे यांचा ओतीव धातू, त्यात चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवतात. नंतर सगळी वस्तू, चांदीसकट, घासून एका पातळीत आणतात. आणि सर्वांत शेवटी बिदरच्या किल्ल्यातील सोरा असलेली माती नवसागरात कालवून कोमट वस्तूवर चोळतात. धातूची जमीन काळी होते आणि चांदी पांढरीच राहते. कारागीर चांदी झाकत नाही, वाचवत नाही. मसालाच असा निवडलेला आहे की तो चांदीला ओळखत नाही. घासणे आधी, रंग नंतर, रंगानंतर फक्त तेल. हा क्रम ज्याने उलटा केला त्याने काम बिघडवले.

पोलादावर सोन्यासाठीही अशी रीत आहे. स्पेनमध्ये ऐबार हे बंदुका बनवणारे गाव. तिथला प्लासिदो सुलोआगा (1834–1910) हा रेघा मारून सोने ठोकण्याच्या कामाचा मोठा उस्ताद होऊन गेला. या कामाला युरोपात दमिश्क शहरावरून नाव पडले आहे, आणि त्याच्या कामाचा मोठा संग्रह लंडनच्या नासिर खलिली या इराणी वंशाच्या संग्राहकाकडे आहे. स्पेनच्या या कामात जमीन काळी करण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि सोरा यांचे उकळते द्रावण वापरतात. आजच्या बंदूक दुकानातील गरम ब्ल्यूइंगही मुळात हेच. सोडा आणि नायट्रेट, साधारण 140 अंश सेल्सियसच्या आसपास. सोने आणि चांदी त्यात टिकतात, पोलाद काळे होते. मात्र हत्यारात कुठे कथलाचा डाक असेल तर सोडा तो खातो, ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो विरघळतो. शिवाय सोड्याचे पाणी सोन्याखालच्या फटीत राहून जाते आणि पुढे कडेकडेने पांढरी भुकटी बाहेर पडत राहते. म्हणून नंतर स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा उकळणे हे अर्धे काम आहे. हे घरी करण्याचे काम नव्हे. उकळता सोडा उडाला तर डोळा जातो.

जुन्या आणि नाजूक हत्यारासाठी मला दुसरी रीत पटली. हलके द्रावण पुसून दमट जागी मुद्दाम पातळ लाल गंज येऊ द्यायचा, मग वस्तू स्वच्छ पाण्यात उकळायची, म्हणजे लाल गंजाचा काळा होतो. सुटी भुकटी पुसायची आणि हे पुन्हा करायचे. पाच-सहा, कधी दहा वेळा. आठवडा जातो. रंग मऊ, खोल येतो, आणि डाकाला धोका नाही. धोका आहे तो भुकटी पुसताना. कारागीर सवयीने पोलादी लोकर घेतो. तिने सोने कापले जाते. सोन्याच्या भागावर कापूसच हवा.

बाटलीतले थंड ब्ल्यूइंग टाळावे. त्यातील सेलेनियमने चांदी काळी पडते, लोखंडावरही रंग चिकटून राहत नाही. निकेलचा मुलामा तर नकोच. विजेच्या कुंडात निकेल लोखंडावर चढते तसेच सोन्यावरही चढते, आणि वेल कायमची झाकली जाते.

आणि एक मत माझे स्वतःचे. जमीन सगळीकडे थोडी करडी, थोडी तपकिरी झाली असेल पण गंज चालू नसेल तर रंग देऊच नये. जुन्या मालाचे गिऱ्हाईक मूळ झिजलेल्या रंगाला जास्त मोल देते, नव्या काळ्याला कमी. पैठणीच्या बाबतीत मी हे तीस वर्षे पाहत आलो आहे. फिकी पण अस्सल जुनी पैठणी दाम आणते, पुन्हा रंगवलेली पडून राहते.

शिकलगार कुठे गेले

आमच्या बाजारात कात्र्यांना धार लावायला एक शिकलगार येतो. त्याला मी विचारले, तुझ्या आडनावाचा अर्थ माहीत आहे का? त्याला धार एवढाच माहीत होता. मूळ अरबी शब्द सैकल, म्हणजे झिलई. सैकलगर तो झिलई देणारा, हत्यारांचे पाते उजळणारा. त्याचा मराठीत शिकलगार झाला. तलवारी होत्या तोवर या माणसाला माहीत होते की कुठे दगड लावायचा आणि कुठे फक्त तेल. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणे परवान्याचे झाले आणि त्याचे गिऱ्हाईक आटले. पंजाबात सियालकोटजवळच्या कोटली लोहारांच्या कोफ्तगरांनी इंग्रजी अमलात ढाल-तलवारीऐवजी डबे आणि तबके सजवायला घेतली, म्हणून त्यांचे हुनर चालू राहिले. आपल्याकडे शिकलगाराच्या हाती सुऱ्या आणि कात्र्या उरल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल आहे. लोखंडावर सोने कसे टिकते ते पाहायचे असेल तर तिथे उभे राहावे. चार शतके झाली आहेत.

हातपिस्तुलांवरही मोठी कामे झाली. 1853 च्या सुमारास अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने सोने जडवलेली दोन रिव्हॉल्व्हरे तयार करवली. त्यांतले एक त्याने तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांना नजर केले, जोडीचे दुसरे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. व्यापारी माणूस सुलतानाकडे माल खपवायला गेला तेव्हा त्याने नमुना साधा नेला नाही, एवढे आपल्या व्यापारी वाचकांनी लक्षात घ्यावे.

चिठ्ठीवर काय लिहावे

आता व्यवहाराचे. हत्यार दुरुस्त करण्यासाठीही परवाना लागतो, शस्त्र कायद्याचे कलम 5 तसे सांगते. त्यामुळे चालू स्थितीतले पिस्तूल सोनाराकडे, तांबटाकडे किंवा बफवाल्याकडे ठेवून येता येत नाही. कारागीर कितीही भला असो, तो आणि आपण दोघे गुन्ह्यात येतो. सोन्याचे काम जाणणारा कोफ्तगर हवा असेल, उदयपूरकडे असे कारागीर आजही आहेत, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्यामार्फत, त्याच्याच दुकानात, त्याच्या नोंदीत काम झाले पाहिजे. जुने ठासणीचे पिस्तूल, जे दुरुस्त करूनही उडणार नाही, त्याला कलम 45 मध्ये सूट आहे. पण ते तसे आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवू नये, लेखी घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आखातातील भाच्याला भेट म्हणून सुद्धा नाही.

2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. त्यामुळे तिसरे हत्यार जमा करावे लागले. जमा करताना पुष्कळांनी ते कातडी म्यानातच दिले असेल. कातडे ओल धरून ठेवते. अशांनी एकदा जाऊन पाहून यावे.

दुकानात देताना चिठ्ठीवर 'पॉलिश' हा शब्द लिहू नये. गंज हाताने काढणे, चाक लावायचे नाही, तेजाब नाही, नक्षी व नंबर यांना हात नाही, रंग द्यायचा तर कोणत्या रीतीने, एवढे लिहावे आणि सही घ्यावी. प्रत्येक बाजूचा जवळून फोटो काढून ठेवावा. मजुरी जास्त सांगितली तर घासाघीस करू नये. हाताच्या कामाला दिवस लागतात, चाकाला मिनिटे. स्वस्त भाव सांगणारा चाकाचाच भाव सांगत असतो.

माझ्या स्नेह्यांना एका जाणकाराने सांगितले की नळीवरचे दात अजून जिवंत आहेत, त्यांवर नवे सोने ठोकता येईल. मात्र नळीवर वेल कशी फिरली होती हे कोणालाच नीट आठवत नाही. फोटो नाही. मला विचारले तर मला काळी जमीन आठवते आणि पिवळे काहीतरी. पाने किती होती, कुठे वळली होती, ते नाही. नवे सोने बसेल ते कारागिराच्या मनातले, दरबारचे नव्हे. ते म्हणतात, मुलाला विचारून ठरवू.

तोवर हत्यार तिजोरीत आहे, म्यानाबाहेर. लोकरीत गुंडाळायला निघाले होते, मी थांबवले. लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते, सल्फर ब्लॅक रंगाच्या कापडानेही. कोऱ्या कापडात कांजी असते, ती ओल ओढते. माझ्या दुकानातून मलमलीचा एक तुकडा दिला, तीनदा धुऊन, उन्हात वाळवून. महिन्यातून एकदा तेल बदलतात.